युकुलेले घरी बनवताय? या चुका टाळा

मोकळ्या तारा छान सुरात लागतात आणि पाचव्या फ्रेटवर (मानेवर आडव्या बसवलेल्या धातूच्या पट्टीवर) बोट ठेवलं की सूर ढळतो. पहिलं युकुलेले बनवणाऱ्या बहुतेकांची तक्रार हीच असते. मग तारा बदलल्या जातात, खुंट्या बदलल्या जातात. नायलॉनच्या नव्या तारा पहिले काही दिवस ताणत राहतात आणि उतरतात, तो दोष नव्हे. पण तारा स्थिरावल्यावरही सूर चुकत असेल, तर मोजमापात गफलत झालेली असते.

सोप्रानो, म्हणजे लहान आकाराच्या युकुलेलेत नटपासून (मानेच्या टोकाची, तारांच्या खाचा असलेली पट्टी) सॅडलपर्यंतची (दुसऱ्या टोकाला तारा टेकतात ती पट्टी) लांबी साधारण 346 मिमी धरतात. तिला 17.817 ने भागलं की पहिल्या फ्रेटची जागा मिळते : 19.42 मिमी. उरलेल्या लांबीला पुन्हा त्याच आकड्याने भागायचं, की दुसरा फ्रेट नटपासून 37.75 मिमीवर येतो. बारावा बरोबर मध्यावर, 173 मिमीवर. गणित असं पायरीपायरीने करावं लागतं म्हणून आखणीही तशीच केली जाते, पट्टी प्रत्येक वेळी मागच्या फ्रेटवर ठेवून. इथेच घात होतो. दर वेळी 0.2 मिमीची चूक एकाच दिशेने झाली, तर बाराव्या फ्रेटपर्यंत ती दोन मिमीच्या वर जाते. सगळ्या जागा आधी कागदावर काढा आणि पट्टी नटवरून न हलवता सगळ्या खुणा एकदम करा. खूण पेन्सिलीने नको, धारदार सुरीने करा.

करवतही तपासा. फ्रेटच्या तारेची टांग, म्हणजे लाकडात रुतणारा भाग, बारीक असते, तिला जेमतेम 0.6 मिमीची खाच लागते. सुतारकामाची नेहमीची करवत याहून रुंद कापते, मग फ्रेट सैल बसतात आणि काही दिवसांनी टोकं वर येतात.

आता ब्रिज, म्हणजे सॅडल ज्यात बसतो तो लाकडी तुकडा. तार दाबली की ती थोडी ताणली जाते आणि सूर चढतो. म्हणून सॅडल हिशेबाच्या जागेपेक्षा दीड-दोन मिमी मागे ठेवावा लागतो. ब्रिज चिकटवण्यापूर्वी तीन वेळा मोजा, कारण नंतर तो सोडवताना तबलीचे (वाद्याच्या खोक्याच्या पुढच्या फळीचे) रेशे उचकटतात. चिकटवून झालाच असेल, तर बाराव्या फ्रेटवर तार दाबून वाजवा आणि तिथेच नुसतं बोट टेकवून हार्मोनिक (तार न दाबता निघणारा घंटेसारखा सूर) काढा. दाबलेला सूर हार्मोनिकपेक्षा चढा असेल तर सॅडल मागे हवा, उतरलेला असेल तर पुढे. बारावा बरोबर आणि पहिले दोन-तीन फ्रेटच चढे वाजत असतील, तर मात्र ब्रिजला हात लावू नका. नटच्या खाचा उथळ आहेत. तिसऱ्या फ्रेटवर तार दाबा. पहिल्या फ्रेटवर कागद जेमतेम सरकेल एवढीच फट हवी. खाच थोडी थोडी कानसा, प्रत्येक घासणीनंतर पाहा.

ब्रिज निघून येत असेल, तर तो बहुधा पॉलिशवर चिकटवलेला असतो. गोंदाला कोरं लाकूड लागतं. पॉलिश करताना ती जागा टेप लावून झाका.

सुरांखालोखाल मला आवाजाची काळजी वाटते. माझ्या पहिल्या वाद्याची तबली मी फुटेल या भीतीने तीन मिमी जाड ठेवली होती. आवाज खोक्यातून आल्यासारखा यायचा. नायलॉनच्या तारांची ओढ फार नसते, 1.6 ते 2 मिमी पुरते. रंधा मारताना तबली बोटांत धरून हलकी वाकवून पाहत राहा, टकटक करून ऐका. जाडी कुठे थांबवायची हे आकड्याइतकंच हातालाही कळू लागतं, आणि या कामातला मला सर्वांत प्रिय भाग तोच आहे.

तबलीच्या आतल्या आडव्या पट्ट्या दमट दिवशी चिकटवू नका. लाकूड रेशांच्या आडव्या दिशेने फुगतं-आकसतं, लांबीत जवळपास नाही. हवा कोरडी झाली की तबली आकसू पाहते, पट्टी तिला अडवते, आणि तडा जातो. हवेतली आर्द्रता 45 ते 50 टक्के असताना हे काम करा.

एकाच फ्रेटवर खरखर येत असेल, तर लहान सरळ पट्टी तीन फ्रेटांवर आडवी ठेवा. ती डुगडुगली, तर मधला फ्रेट उंच आहे. आधी तो हलक्या हातोडीने नीट बसतो का पाहा, कानस नंतर.