मेंढ्यांना चावणाऱ्या चिलटाचा पंख : फोटो नीट कसा यायला लागला

आमच्या परभणीकडं पावसाळा सरत आला की मेंढ्यांत निळ्या जिभेच्या रोगाची धास्ती सुरू होते. त्याचा विषाणू पसरवतात क्युलिकॉइडिस वंशातली चिलटं. एक ते तीन मिलिमीटरची, साध्या मच्छरदाणीतूनही आत घुसणारी. रक्त पिते ती फक्त मादी. मिशा झुपकेदार असल्या तर तो नर, बाजूला ठेवा. बाकीच्या चिलटांतून ही वेगळी काढायची ती पंखावरच्या राखाडी-पांढऱ्या ठिपक्यांवरून.

घोडं अडलं होतं फोटोपाशी. काळ्या कागदावर पंख ठेवून वरून उजेड टाकला की पाण्यावरच्या तेलाच्या तवंगासारखे रंग चमकायचे आणि ठिपके गायब. पंखच इतका पातळ, त्याला तो तरी काय करणार!

मग उजेड खालून दिला. दोन वाट्यांवर काचपट्टी टेकवली, तिच्यावर कोरडा पंख, खाली टॉर्च, मधे बटर पेपर. मोबाईलला चिमट्याची मॅक्रो लेन्स. ठिपके एकदम ठसठशीत!

आधी पंखाची पुढची कड बघा. तिथल्या शिरांमधल्या दुसऱ्या छोट्या कप्प्याचं टोक फिकट असेल तर चिलट बहुधा क्युलिकॉइडिसमधल्या ॲव्हॅरिशिया गटातलं. हा रोग पसरवणारी इमिकोला ही जात त्यातलीच. पण तेवढ्यावर जातीचं नाव ठोकू नका. मिशा आणि मादीच्या पोटातले शुक्रकोश सूक्ष्मदर्शकाखाली बघावेच लागतात. म्हणून पंख काढल्यावर उरलेलं चिलट मी स्पिरिटमध्ये ठेवतो, बाटलीवर गाव आणि तारीख पेन्सिलीनं लिहून. शाई स्पिरिटनं पुसली जाते.