नायजेरियाच्या बॅडमिंटनपटूची कारकीर्द कशी अभ्यासावी

परदेशी खेळाडूवर टिपण लिहायला घेतले की आपण प्रथम पदकांची यादी शोधतो. नायजेरियाच्या मरियम एनिओला बोलाजीच्या बाबतीत तिचे सर्वांत मोठे यश लगेच सापडते. २०२४ च्या पॅरिस पॅरालिम्पिकमध्ये तिने महिला एकेरीच्या एसएल-३ गटात कांस्यपदक मिळवले, आणि ऑलिम्पिक व पॅरालिम्पिक दोन्ही धरून बॅडमिंटनमध्ये पदक जिंकणारी ती आफ्रिकेतील पहिली खेळाडू ठरली. मात्र एवढ्यावर टिपण संपवले तर अवघ्या अठराव्या वर्षी तिने काय साधले, ते वाचकाला कळत नाही.

म्हणून सुरुवात गटापासून करावी. पायांतील दुर्बलतेमुळे चालता-धावताना ज्यांना तोल सांभाळणे अवघड जाते, पण जे उभे राहून खेळतात, असे खेळाडू एसएल-३ गटात येतात. त्यांची एकेरी अर्ध्या कोर्टवर होते, म्हणजे लांबी पूर्ण आणि रुंदी अर्धी. प्रतिस्पर्ध्याला या कडेपासून त्या कडेपर्यंत पळवण्याची सोय तिथे नसते. टॉस, म्हणजे मागे उंच मारलेला फटका, मागच्या रेषेजवळ पडला की कोर्टच्या मध्यातच राहिला, आणि त्यानंतरचा ड्रॉप, म्हणजे जाळीलगत हलकेच टाकलेला फटका, जाळीच्या किती जवळ उतरला, यावर रॅलीचा निकाल ठरत जातो. बोलाजीच्या सामन्यांची चित्रफीत पाहताना नजर शटलपेक्षा तिच्या पायांवर ठेवावी. मागे जाऊन फटका मारल्यावर ती पुन्हा पुढे कशी येते, हे पाहिल्याशिवाय तिच्या खेळाविषयी काही लिहू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

त्यानंतर प्रत्येक स्पर्धेत तिचा प्रकार होता का, हे तपासावे. ही पायरी बहुतेक जण गाळतात आणि नेमके तिथेच टिपण चुकते. पॅरा-बॅडमिंटनचा पॅरालिम्पिकमध्ये समावेश टोकियोपासून झाला, परंतु त्या वेळी महिलांची एसएल-३ एकेरी कार्यक्रमात नव्हती. ती पॅरिसमध्ये आली. आपल्या मानसी जोशीचे उदाहरण इथे समोर ठेवावे. २०१९ मध्ये बासेलला याच प्रकारात जगज्जेती झालेल्या या मुंबईकर खेळाडूला टोकियोत एकेरी खेळण्याची संधीच नव्हती. तेव्हा या गटातील कोणत्याही खेळाडूच्या नावापुढे टोकियोची जागा रिकामी दिसली, तर तो अपयशाचा पुरावा समजू नये.

मग पॅरिसचा ड्रॉ, म्हणजे कोणाची लढत कोणाशी याचा तक्ता, घेऊन एकेक फेरी वाचावी. उपांत्यपूर्व फेरीत बोलाजीने भारताच्या मनदीप कौरला हरवले. उपांत्य फेरीत ती चीनच्या शियाओ झुशियानकडून पराभूत झाली आणि पुढे शियाओनेच सुवर्णपदक जिंकले. कांस्यपदकाच्या लढतीत बोलाजीने युक्रेनच्या ओक्साना कोझिनाला २१-९, २१-९ असे नमवले. उपांत्य फेरीतील पराभवानंतर पदकाच्या सामन्यात प्रतिस्पर्ध्याला दोन्ही गेममध्ये दोन आकडी गुणसंख्याही गाठू न देणे, ही या संपूर्ण कारकिर्दीत ठळकपणे लिहिण्याजोगी गोष्ट आहे. टिपणात केवळ ‘कांस्य’ असे न लिहिता गट, फेरी, प्रतिस्पर्धी आणि गुणफलक यांची नोंद एकत्र करावी.

नावांबाबत दक्षता घ्यावी. निकालपत्रकांत आडनाव कधी आधी, तर कधी शेवटी येते आणि मधले नाव गळते. त्यामुळे शोध प्रत्येक क्रमाने घ्यावा, अन्यथा एकाच व्यक्तीच्या दोन अपुऱ्या नोंदी तयार होतात.

नायजेरियाच्या दुसऱ्या खेळाडूशी तुलना करायची असेल, तर क्रमवारीची पद्धत आधी समजून घ्यावी. टोकियो ऑलिम्पिकमध्ये एकेरी खेळलेली डोर्कास अजोके अडेसोकान ज्या जागतिक क्रमवारीत येते, तिच्यात मागील ५२ आठवड्यांतील सर्वोत्तम दहा स्पर्धांचे गुण धरले जातात. युरोप-आशियातील स्पर्धांचा प्रवासखर्च ज्या खेळाडूला परवडत नाही, तिचे दहा निकाल भरणेच कठीण असते. अशा वेळी घरच्या मैदानावरील लागोस इंटरनॅशनलसारख्या स्पर्धेचे मोल फार वाढते. ऑलिम्पिक पात्रतेत प्रत्येक खंडाला प्रतिनिधित्व देण्याची तरतूद असल्यामुळे आफ्रिकेतील आपले स्थान टिकवणेही तितकेच निर्णायक ठरते. बोलाजीची क्रमवारी पॅरा-बॅडमिंटनची, म्हणजे स्वतंत्र असते. दोघींचे क्रमांक एकाच तक्त्यात शेजारी-शेजारी मांडू नयेत.