वडिलांसाठी कोल्हापुरी जोड निवडताना

वडिलांना काय हवे आहे असे विचारले, की बहुतेक घरांत ‘मला काय करायचंय आता?’ एवढेच उत्तर मिळते. म्हणून विचारत बसण्याऐवजी त्यांच्या रोजच्या वापरातली झिजलेली वस्तू शोधावी. कोल्हापुरात ती बऱ्याचदा उंबऱ्याबाहेर काढून ठेवलेली चप्पल असते.

आधी ती जुनी चप्पल हातात घेऊन नीट पाहावी. टाच कोणत्या बाजूने झिजली आहे, अंगठा किती वेळा शिवून घेतला आहे, पट्टा कुठे ताणला गेला आहे, यावरून त्यांच्या चालण्याचा अंदाज येतो. माप मात्र पायाचेच घ्यावे. मी पहिल्यांदा जुन्या बुटावरचा नंबर वाचून जोड आणला. तो पंज्यावर इतका आवळत होता, की वडिलांनी दोन दिवस कौतुक करून तो गुपचूप माळ्यावर टाकला. दिवसभराच्या वावराने पाय थोडे सुजतात, त्यामुळे संध्याकाळी त्यांना कागदावर उभे करून, पेन्सिल सरळ धरून दोन्ही पायांची रेघ काढावी, पंज्याचा घेर दोऱ्याने मोजावा आणि मोठ्या पायाचे माप धरावे. चामडे वापराने सैलावते, म्हणून पट्टा सुरुवातीला किंचित घट्ट असला तरी चालेल. अंगठा मात्र पहिल्या दिवसापासून काचता कामा नये.

दुकानात गेल्यावर रंगाला भुलू नये. पारंपरिक पद्धतीत चामडे बाभळीची साल आणि हिरडा वापरून कमावतात. तळाची कड पाहिली की चामड्याचे थर आहेत की मध्ये पुठ्ठा भरला आहे, ते कळते. कोल्हापुरी चपलेला 2019 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले असून त्यात महाराष्ट्रातील कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर या जिल्ह्यांबरोबर कर्नाटकातील चार जिल्हेही आहेत. तेव्हा जोड बेळगाव जिल्ह्यात शिवला आहे म्हणून तो नकली समजणे हा आपला फुकाचा अभिमान झाला. करकर वाजणारी, जाड तळाची चप्पल रुबाबदार दिसते हे खरे, पण गुडघे दुखणाऱ्या माणसाला ती जड होते. त्यांच्यासाठी पातळ तळाची, हलकी चप्पल बरी.

वडिलांना मधुमेह असून पायांची संवेदना कमी झाली असेल, तर हा बेतच सोडावा, कारण काचलेली जागा त्यांना कळत नाही आणि जखम चिघळते. अशा वेळी रंकाळ्यावरच्या फेरीसाठी मऊ, बंद बूट घ्यावेत.

‘फादर्स डे’ जूनच्या तिसऱ्या रविवारी येतो, म्हणजे नेमका मृगाच्या पावसात, आणि पाणी हा या चपलेचा शत्रू आहे. त्यापेक्षा दसरा गाठावा. सोने लुटायला दसरा चौकात जाताना नवा जोड पायांत असेल. चप्पल भिजलीच, तर उन्हात न ठेवता सावलीत वाळवून तेलाचा हलका हात फिरवावा.

नवी वस्तू ‘चांगल्या प्रसंगाला’ म्हणून कपाटात ठेवण्याची वडिलांची खोड असेल, तर नवा जोड द्यायच्या दिवशीच जुना दुरुस्तीला टाकावा आणि परत आणायची घाई करू नये.