एजंट सांगणार नाही, म्हणून मी सांगते

"ताई, अमुक ठिकाणी घर बघतोय. फॅमिलीसाठी एरिया चांगला आहे का हो?" न्यू जर्सीत वीस वर्षं काढल्यावर हा फोन महिन्यातून एकदा तरी येतोच. विचारणाऱ्याने तो प्रश्न आधी एजंटला विचारलेला असतो आणि त्या बाईंनी हसून विषय बदललेला असतो. मग आपल्या माणसाला वाटतं, या काहीतरी लपवतायत.

त्या लपवत नसतात. १९६८ च्या फेअर हाउसिंग कायद्यानुसार वंश, धर्म, मूळ देश वगैरे बघून गिऱ्हाइकाला एखाद्या वस्तीकडे वळवणं किंवा तिथून परतवणं बेकायदेशीर ठरतं. १९८८ पासून घरात लहान मुलं असण्यावरून केलेला भेदभावही त्यात आला. त्यामुळे "इथे इंडियन पुष्कळ आहेत", "हा भाग सेफ आहे", "मुलांसाठी छान आहे" यातलं एकही वाक्य शहाणा एजंट तोंडातून काढत नाही. छप्पर किती जुनं, घर गरम ठेवणारी भट्टी कधी बदलली, हे विचारा, भडाभडा सांगेल. वस्ती कशी आहे हे मात्र आपलं आपल्यालाच शोधावं लागतं.

मी इथे आले तेव्हा एच-फोरवर होते, म्हणजे नवऱ्याच्या वर्क व्हिसावर अवलंबून असलेल्या बायकोच्या व्हिसावर. नोकरी नाही, लायसन्स नाही, घरात एकच गाडी आणि ती सकाळी सातला नवऱ्याबरोबर जायची. पदरात पावणेदोन वर्षांची मुलगी. त्या दोन वर्षांत मी आमचं गाव पायाने पाहिलं, आणि गाडीतून जे दिसतं त्याच्याशी त्याचा फारसा संबंध नव्हता. आमच्या संकुलाच्या ब्रोशरमध्ये लिहिलं होतं की बाग दहा मिनिटांवर. होतीच. पण फाटकातून बाहेर पडून उजवीकडे वळलं की फुटपाथ दोनशे पावलं जाऊन एका जुनिपरच्या झुडपापाशी चक्क संपायचा. पुढे गवत, मग खड्डा, मग सहापदरी हायवे. बाबागाडीची पुढची चाकं गवतात रुतलेली, शेजारून ताशी पन्नास मैलांनी गाड्या जातायत आणि मुलगी पलीकडचा झोपाळा बोटाने दाखवतेय, असं कितीदा झालं असेल. बाग दिसायची, गाठता यायची नाही. म्हणून घर बघायला जाल तेव्हा गाडी तिथेच ठेवा आणि मुलाला घेऊन बागेपर्यंत, लायब्ररीपर्यंत किंवा निदान शाळेच्या बसथांब्यापर्यंत चालत जाऊन या. रस्ता ओलांडायचं बटण आहे का, ते दाबल्यावर मिळणाऱ्या सेकंदांत चार वर्षांचं मूल पलीकडे पोचतं का, बघा. अर्धा तास जातो, पण वेबसाइटवरच्या तीस फोटोंपेक्षा जास्त कळतं.

आता नावांचा गोंधळ. हे राज्य महाराष्ट्राच्या चौदाव्या हिश्श्याच्या आसपास, पण त्यात ५६४ नगरपालिका आहेत आणि शाळांचे जिल्हे, म्हणजे स्कूल डिस्ट्रिक्ट, जवळजवळ तितकेच. शाळा कोणती, टॅक्स किती, पोलीस कुठले, बर्फ कोण काढणार, हे सगळं नगरपालिकेची हद्द ठरवते. पत्त्यात लिहिलेलं गाव मात्र पोस्ट खात्याच्या सोयीचं असतं. पत्ता 'प्रिन्स्टन, ०८५४०' असतो आणि घर प्लेन्सबरो, वेस्ट विंडसर, लॉरेन्स किंवा साउथ ब्रन्सविकमध्ये निघतं. सॉमरसेट नावाची नगरपालिकाच नाही, ते फ्रँकलिन टाउनशिप या नगरपालिकेत येतं. मॉनमथ जंक्शन तर मॉनमथ काउंटीतही नाही, ते मिडलसेक्स काउंटीतल्या साउथ ब्रन्सविकमध्ये आहे. इंडियन दुकानांच्या ओक ट्री रोडवर खरेदी करत चालताना एडिसन संपून इस्लिन लागतं, म्हणजे तुम्ही वुडब्रिज टाउनशिपमध्ये पोचलेले असता. कळतही नाही. जाहिरातीतल्या गावाच्या नावावर किंवा झिप कोडवर विसंबू नका. घर क्रमांकासह पूर्ण पत्ता घ्या आणि शाळा जिल्ह्याच्या कचेरीत फोन करून विचारा, "या पत्त्याचं मूल कुठल्या इमारतीत जाईल?" इमारत विचारायची, कारण एकाच जिल्ह्यात चार-पाच प्राथमिक शाळा असतात आणि समोरासमोरच्या दोन घरांची शाळा वेगळी असू शकते.

शाळेवर सगळेच जण सर्वांत जास्त वेळ घालवतात आणि बहुतेक सगळा वेबसाइटवरच्या रेटिंगच्या एका आकड्यावर घालवतात. दहापैकी नऊ, दहापैकी सात. त्या आकड्यात परीक्षेच्या गुणांचं वजन मोठं, आणि गुणांत पालकांचं शिक्षण आणि मिळकत मिसळलेली. मूल तिथे सुखाने शिकेल का, याचं उत्तर त्यात नाही. वेस्ट विंडसर-प्लेन्सबरो म्हणजे आपल्या लोकांचा लाडका जिल्हा. २०१५ मध्ये तिथल्याच अधीक्षकांनी पालकांना सोळा पानी पत्र लिहून मुलांवरच्या ताणाची काळजी बोलून दाखवली होती. हायस्कूलच्या मिडटर्म आणि फायनल परीक्षा बंद केल्या. त्यावर पालकांत सरळ दोन तट पडले, आणि आशियाई पालकांपैकी पुष्कळ जण परीक्षा हव्यात म्हणणाऱ्या तटात होते. शाळा वाईट आहे म्हणून हे सांगत नाही, शाळा उत्तमच आहे. पण तुमचं मूल शर्यतीत फुलणारं की कोमेजणारं, हे तुम्हाला माहीत आहे, आकड्याला नाही. माझ्या धाकट्याला नऊच्या शाळेतून काढून सातच्या शाळेत घातलं तेव्हा अख्ख्या मित्रमंडळीने आम्हाला वेड्यात काढलं होतं. आता तो बँडमध्ये ट्रम्पेट वाजवतो आणि सकाळी पोटात दुखत नाही. एवढं मला पुरे.

राज्याच्या शिक्षण खात्याचे स्कूल परफॉर्मन्स रिपोर्ट दरवर्षी निघतात. त्यात मला दोनच गोष्टी बघाव्याशा वाटतात, दीर्घ गैरहजेरीचं प्रमाण आणि शिक्षक किती वर्षं टिकतात. याशिवाय किंडरगार्टन अर्ध्या दिवसाचं की पूर्ण, हे विचारून घ्या. दोघं नोकरी करत असाल आणि मूल अकरा-साडेअकराला घरी येणार असेल, तर उरलेल्या दिवसाच्या डेकेअरचा खर्च भाड्यात धरायला हवा.

आणि बस. पिवळी बस सगळ्यांना मिळते असं आपण सिनेमे बघून धरलेलं असतं. या राज्याच्या कायद्यात आठवीपर्यंतच्या मुलाचं घर शाळेपासून दोन मैलांपेक्षा लांब असेल, आणि नववी ते बारावीला अडीच मैलांपेक्षा लांब असेल, तरच बस देणं बंधनकारक आहे. त्याच्या आत असाल तर जिल्ह्याची मर्जी. काही ठिकाणी फुकट देतात, काही ठिकाणी वर्षाचे पैसे भरून सीट घ्यावी लागते, काही ठिकाणी मिळतच नाही. आमचं घर निघालं पावणेदोन मैलांवर, मध्ये तोच सहापदरी हायवे. कचेरीतल्या बाई गोड आवाजात म्हणाल्या, "यू आर वॉकर्स." म्हणजे बस नाही, चालत या. त्या हिवाळ्यात मी लायसन्सच्या परीक्षेला तीनदा बसले, तिसऱ्यांदा पास झाले. लीजवर सही करण्याआधी एक फोन केला असता तर ती थंडी वाचली असती.

पाण्याचा विषय आपल्याकडून राहून जातो. घर बघायला आपण जातो मे-जूनमध्ये, ऊन असतं, लॉन हिरवीगार. १ सप्टेंबर २०२१ च्या रात्री आयडा वादळाचा उरलासुरला पाऊस इथे कोसळला. राज्यात तीसच्या आसपास माणसं गेली, त्यातली कित्येक गाडीत अडकून. रॅरिटन आणि मिलस्टोन नद्यांच्या काठचं मॅनव्हिल १९९९ ला बुडालं, २०११ ला बुडालं आणि २०२१ ला पुन्हा. फेमा म्हणजे इथल्या केंद्र सरकारचं आपत्ती खातं, त्याच्या संकेतस्थळावर पत्ता टाकला की पुराचा नकाशा दिसतो. झोनचं नाव 'ए' किंवा 'व्ही'ने सुरू होत असेल तर तो धोक्याचा पट्टा. तिथल्या पुराला शंभर वर्षांतून एकदा येणारा पूर म्हणतात, म्हणून माणसं निर्धास्त होतात. त्याचा खरा अर्थ दरवर्षी एक टक्का शक्यता, म्हणजे तीस वर्षांच्या कर्जाच्या मुदतीत साधारण चारात एक. घराच्या नेहमीच्या विम्यात पूर धरलेला नसतो. तो वेगळा घ्यावा लागतो आणि सरकारी योजनेत सहसा तीस दिवसांनी लागू होतो, तेव्हा वादळाची बातमी ऐकून धावण्यात अर्थ नाही. मार्च २०२४ पासून इथे विकणाऱ्याला आणि भाड्याने देणाऱ्यालाही पुराची माहिती लेखी द्यावी लागते. मागून घ्या. शिवाय बेसमेंटमध्ये उतरून वास घ्या. भिंतीचा खालचा दीड-दोन फूटच ताज्या रंगाचा दिसला तर विचारा का ते.

घर विकत घ्यायचं असेल तर प्रॉपर्टी टॅक्स. देशात सर्वांत जास्त इथेच, २०२४ मध्ये राज्याची सरासरी वर्षाला दहा हजार डॉलरच्या वर गेली. त्यातला निम्म्याहून थोडा जास्त वाटा शाळांकडे जातो. सारख्या किमतीची दोन घरं, मध्ये एक ओढा, आणि टॅक्समध्ये हजारोंचा फरक, असं इथे नेहमीचंच. पण आल्या आल्या घर घेऊच नका. एक वर्ष भाड्याने राहा, चारही ऋतू काढा, मग बोला.

मन्रो टाउनशिपमध्ये सुंदर घर, तळं, क्लबहाउस आणि किंमत संशयास्पद कमी दिसली, तर जाहिरातीत बारीक अक्षरांत '५५ प्लस' आहे का बघा. त्या वसाहती वयस्कर लोकांसाठी राखीव असतात आणि कायद्याची त्यांना तशी मुभा आहे. लेकरं घेऊन राहता येत नाही. आमच्या ओळखीतलं एक जोडपं ऑफर घालण्यापर्यंत पोचलं होतं.

गुन्ह्यांबद्दल थोडक्यात. राज्य पोलिसांची लैंगिक गुन्हेगारांची नोंदवही इंटरनेटवर खुली आहे. ती ज्या कायद्यामुळे खुली झाली तो मेगन्स लॉ मूळचा इथलाच, १९९४ मध्ये हॅमिल्टन टाउनशिपमधल्या एका सात वर्षांच्या मुलीच्या खुनानंतर आलेला. बघा जरूर, पण कमी धोक्याचे ठरवलेले त्यात दिसत नाहीत, म्हणून यादी कोरी म्हणजे गाव निर्धोक असं नाही. बाकी चोरीमारीचं पोलिसांच्या कचेरीत जाऊन विचारलं तर सांगतात. माझ्या अनुभवात उपनगरात मुलाच्या जिवाला पहिला धोका वाहनांचा, आणि दुसरा अंगणातल्या हरणांबरोबर येणाऱ्या गोचिडींचा. त्यांच्या चाव्यातून होणारा लाइम आजार इथे घरोघरी माहीत आहे. उन्हाळ्यात मूल गवतातून खेळून आलं की गुडघ्यामागे आणि कानामागे बघायची सवय लावून घ्या.

शेजारी मोकळं शेत दिसलं की आपण हरखतो. नगरपालिकेच्या प्लॅनिंग बोर्डाच्या सभांचे अजेंडे संकेतस्थळावर असतात, मागच्या वर्षाचे चाळा. टर्नपाइक या टोलच्या महामार्गाच्या एक्झिट ८ए भोवतालची शेतं बघता बघता गोदामं झाली, आणि ज्या रस्त्यावर मुलं सायकली चालवायची तिथून ट्रेलर जायला लागले. कधी शेताच्या जागी पाचशे फ्लॅट उभे राहतात, मग शाळांच्या हद्दी नव्याने आखतात आणि ज्या शाळेसाठी घर घेतलं ती हातची जाते.

"मराठी माणसं किती?" हा प्रश्न शेवटी, जरा लाजत येतो. लाजू नका, पहिल्या वर्षी त्याची गरज असते. एडिसनमध्ये निम्म्याच्या आसपास वस्ती आशियाई, तिथे पहिले सहा महिने सोपे जातात. पण त्यासाठी शेजारीच राहायला हवं असं नाही. मराठी शाळा शनिवार-रविवारी भरतात, अर्धा तास गाडी चालवून लोक येतात, आणि १९८१ पासून चालत आलेल्या बृहन्महाराष्ट्र मंडळाकडे त्यांची माहिती मिळते. रोजच्या जगण्यात उपयोगी पडतो तो समोरच्या दारातला माणूस, मग तो कोरियन असो की पोलिश. आमच्या बर्फात रुतलेल्या गाडीला पहिला धक्का दिला तो एका निवृत्त इटालियन फायरमनने.

म्हणून कामाच्या दिवशी दुपारी तीनला जा. शाळेची बस येण्याच्या दहा मिनिटं आधी थांब्यावर उभे राहा. कोण आहे तिथे? आजी, आया, घरून काम करणारे बाबा, की कुणीच नाही? मुलं उतरल्यावर रेंगाळतात की थेट गॅरेजचं दार बंद? बसचे लाल दिवे लागल्यावर गाड्या पंचवीस फुटांवर थांबतात की पुढे सरकत राहतात? कुणालाही सांगा, आम्ही इथे यायचं म्हणतोय. एजंटला कायद्याने बांधलंय, थांब्यावरच्या आजीला नाही. कुठल्या शिक्षकांच्या वर्गात गेलं तर नशीब, कुठल्या घराचा कुत्रा सुटतो, मागच्या पावसात कुठे पाणी तुंबलं, सगळं पाच मिनिटांत सांगते. त्याच दिवशी रात्री नऊला पुन्हा एक फेरी मारा, हायवेचा आवाज तेव्हाच नीट ऐकू येतो.

पत्ता ठरला की शाळेत नाव घालायला लीज, विजेचं किंवा गॅसचं बिल, मुलाचा जन्मदाखला आणि लसींच्या नोंदी लागतात. पालकांचा व्हिसा कुठला, हे शाळेत नाव घालण्याशी निगडित नाही, विचारलं तरी गांगरू नका. शाळेने टीबीची चाचणी मागितली तर लक्षात ठेवा, बीसीजी टोचलेली असल्यामुळे आपल्या मुलांची टीबीची त्वचा चाचणी कधी कधी उगाच पॉझिटिव्ह येते, तेव्हा डॉक्टरांकडे रक्ताची चाचणी मागा. आणि ते लसींचं कार्ड विमानात हातातल्या पिशवीत ठेवा. आमचं चेक-इनच्या बॅगेत होतं, बॅग पाच दिवसांनी आली, आणि पुतण्याची शाळा त्यामुळे आठवडाभर उशिरा सुरू झाली.