टांझानियात वेळ विचारताना सहा तासांचा हिशेब ठेवा

दार-ए-सलाममध्ये नळ दुरुस्त करणारा म्हणाला, 'सा न्ने'ला येतो. तिथल्या स्वाहिली भाषेत न्ने म्हणजे चार, म्हणून मी दुपारी चारला घरी थांबलो. तो सकाळी दहालाच कुलूप बघून परत गेला होता!

स्वाहिलीत दिवसाचे तास मध्यरात्रीपासून नव्हे, सूर्योदयापासून मोजतात. विषुववृत्त जवळ असल्याने सूर्य वर्षभर सहा-साडेसहाच्या सुमारास उगवतो, त्यामुळे हे गणित तिथे चपखल बसतं. सकाळचे सात म्हणजे 'सा मोजा', पहिला तास. आठ म्हणजे 'सा म्बिली', दुसरा. संध्याकाळी सातला पुन्हा एकपासून सुरुवात.

सोपी युक्ती: घड्याळात तासकाट्याच्या बरोबर समोरचा आकडा वाचा. काटा आठवर असेल तर समोर दोन, तीच स्वाहिली वेळ.

गोंधळ होतो तो भाषा बदलताना. इंग्रजीत बोलताना बहुतेक लोक आपल्यासारखीच वेळ सांगतात. पण कुणी मनातल्या मनात भाषांतर करत असेल तर सांगता येत नाही. म्हणून बसची वेळ ठरवताना 'असुबुही' (सकाळ), 'म्चाना' (दुपार) की 'उसिकू' (रात्र) हे विचाराच, आणि घड्याळावर बोट ठेवून खात्री करा. केनियातही हीच पद्धत, आणि इथिओपियातही, भाषा वेगळी असली तरी.