सदोष नवी गाडी आणि कॅलिफोर्नियाचा ‘लेमन लॉ’
‘लेमन लॉ’ म्हणजे दुरुस्त न होणारी सदोष गाडी बदलून देणे किंवा तिचे पैसे परत करणे उत्पादकाला भाग पाडणारा कायदा. कॅलिफोर्नियात घेतलेली नवी मोटार किंवा ट्रक वॉरंटीच्या काळात पुन्हापुन्हा बिघडत असेल, तर प्रत्येक खेपेची दुरुस्ती-पावती जपावी आणि तीवर तारीख, मैलांची नोंद व आपली तक्रार नेमकी उतरली आहे याची खात्री करावी. ‘दोष आढळला नाही’ असा शेरा असलेली पावतीही फेकू नये. पहिल्या १८ महिन्यांत किंवा १८,००० मैलांत, यांपैकी जे आधी घडेल त्या मुदतीत, एकाच दोषासाठी चारदा, जिवावर बेतणाऱ्या दोषासाठी दोनदा दुरुस्ती फसली, अथवा गाडी एकूण ३० दिवसांहून अधिक दुरुस्तीत अडकली, तर उत्पादकाला दुरुस्तीची पुरेशी संधी मिळाली असे कायदा गृहीत धरतो. मात्र मालकाच्या पुस्तिकेत तशी अट असल्यास उत्पादकाला थेट कळवावे लागते. परताव्यातून पहिल्या दुरुस्तीपूर्वीच्या वापराचे पैसे वजा होतात, म्हणून पहिली खेप लांबवणे महागात पडते.