ऑस्ट्रेलियात डार्विन शहरात शिकायला येताय आणि रेंजर्सबरोबर काम करायचंय?

मे महिना होता. डार्विनच्या पूर्वेकडच्या आदिवासी मुलखात, पश्चिम आर्नहेम लँडमध्ये, मी आपल्या जमिनीची राखण करणाऱ्या एका आदिवासी रेंजर गटाबरोबर स्वयंसेवक म्हणून गेले होते. गटातल्या आजींनी केशरी फुलांनी भरलेल्या वूलीबटच्या झाडाकडे पाहिलं आणि आग लावायला सांगितली. हे झाड फुललं की इथल्या बिनिंज आदिवासींच्या दृष्टीने जाळायचा मोसम सुरू होतो.

गावाकडे वणवा दिसला की हिरव्या फांद्या घेऊन विझवायला धावायचं, एवढंच मला ठाऊक. इथे सतरा-अठरा वर्षांचा मुलगा ड्रिप टॉर्चने, म्हणजे पेटतं इंधन ठिबकवणाऱ्या डब्याने, शांतपणे गवत पेटवत होता. ज्वाळा जेमतेम गुडघ्याएवढ्या. वर घारी जमल्या, उडणारे टोळ टिपायला. गवतात ओल असताना असे तुकडे जाळून ठेवले की सप्टेंबर-ऑक्टोबरचा भीषण वणवा तिथे येऊन अडतो. एकूण धूर आणि हरितगृह वायूही कमी होतात. 2006 पासून या भागात किती वायू कमी झाले याचा हिशेब ठेवला जातो, ती बचत कार्बन क्रेडिट म्हणून विकली जाते आणि त्या पैशावर रेंजर्सचे पगार निघतात. 2013 पासून इथल्या शाळकरी मुलांसाठी ‘लर्निंग ऑन कंट्री’ हा कार्यक्रमही आहे. त्यात मुलं रेंजर्स आणि वडीलधाऱ्यांबरोबर रानात शिकतात.

रेंजरच्या जागा तिथल्याच लोकांसाठी असतात, आणि ते योग्यच आहे. आपल्याला नकाशे, नोंदी, प्रशिक्षणात मदत अशी कामं मिळू शकतात. मुलांबरोबर काम करायला ओकर कार्ड, म्हणजे पार्श्वभूमी तपासून मिळणारा दाखला, लागतं आणि आदिवासी जमिनीवर जायला परवाना. दोन्हींचे अर्ज आधीच करा. प्रथमोपचार शिका, गिअरची फोर-व्हील चालवायचा सराव करा. फोटो विचारल्याशिवाय काढू नका. गेलेल्या माणसाचं नाव घेऊ नका.

माझं चुकलं ते वेगळंच. पहिल्याच दिवशी वही काढून मी त्या मुलावर प्रश्नांचा भडिमार केला. तो गप्पच झाला. मग दोन दिवस मी फक्त पाण्याचे कॅन भरले, लाकडं आणली, आजींच्या शेजारी बसून राहिले. तिसऱ्या संध्याकाळी त्यानेच मला हाक मारली. वाळूत दोन्हीकडे नख्यांचे ठसे आणि मधून शेपटीची नागमोडी रेघ. पाहताक्षणी ओळखलं, म्हटलं, आमच्याकडेही असते, घोरपड. त्याने तो शब्द तीनदा म्हणून पाहिला. मग त्यांचा शब्द सांगितला आणि माझ्याकडून नीट येईपर्यंत म्हणवून घेतला.